दर उन्हाळ्यात निगेटिव्हवर उगवणारे डाग

घरी ब्लॅक अँड व्हाइट फिल्मचा रोल धुणारा कुणीही निगेटिव्ह दाखवायला घेऊन आला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "बाकी सगळं मस्त आलंय, तेवढे हे डाग सोडले तर." आणि डाग नेमके आकाशात. झाडाझुडपांत, गर्दीत, भिंतीच्या पोपड्यांत शंभर डाग खपून जातात. सिंहगडावरून घेतलेल्या कोऱ्या आकाशात एक जरी वर्तुळ उमटलं तरी डोळा दुसरीकडे हलत नाही.

माझ्याकडे हे दुखणं तीन वर्षं मुक्कामाला होतं. गंमत म्हणजे ते हंगामी होतं. होळीच्या सुमाराला डाग सुरू व्हायचे आणि पाऊस लागला की दोन-तीन आठवड्यांत आपोआप जायचे. त्यामुळे मी तीन वर्षं उन्हाळ्याला शिव्या घातल्या. उकाड्याने डेव्हलपर (फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन) बिघडतोय, फिल्म मऊ पडतेय, फिक्सर (ते चित्र पक्कं करणारं रसायन) नासतोय, असं एकेकाच्या डोक्यावर खापर फोडून झालं. एचपी५ फिल्म सोडून फोमापॅन आणली, डाग तसेच. डेव्हलपर नवा कालवला, डाग वाढले. ते का वाढले ते पुढे येईलच. शेवटी रबरी पट्ट्यांची स्क्वीजी आणली आणि फिल्मवरचं पाणी निपटून काढलं. डाग कमी झाले, पण रबरात कुठेतरी एक कण अडकला होता. पहिल्या फ्रेमपासून छत्तिसाव्या फ्रेमपर्यंत रेल्वेच्या रुळांसारखे दोन ओरखडे गेले. डाग एक वेळ निघतो, ओरखडा जन्माचा राहतो. स्क्वीजी त्या दिवसापासून बाथरूमचा आरसा पुसते आहे.

उलगडा झाला तो स्वयंपाकघरात. एप्रिलमधला रविवार होता. आई कुकर उघडून डाळ घोटत होती आणि वैतागली होती. "टँकर सुरू झाला वाटतं. पाच शिट्ट्या झाल्या तरी डाळ शिजेना."

"टँकरचं पाणी आहे हे तुला कसं कळलं गं?"

"कसं म्हणजे? हे बघ की." तिने कुकरमधलं भांडं माझ्यापुढे तिरकं धरलं. आत पाण्याच्या रेषेपर्यंत पांढरं पुट चढलं होतं आणि त्याच्या वर, जिथे थेंब उडून जागच्या जागी वाळले होते, तिथे बारीक बारीक वर्तुळं होती. कड ठळक, मध्य जवळजवळ रिकामा. ही वर्तुळं माझ्या ओळखीची होती.

आमच्या सोसायटीत एरवी महापालिकेचं पाणी येतं. मार्चनंतर ते पुरत नाही, मग टाकीत बोअरचं आणि टँकरचं मिसळतं, आणि टँकर भरतो तो बहुतेक कुठल्यातरी विहिरीवर नाहीतर बोअरवरच. दख्खनच्या बेसॉल्टमधून झिरपलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मुबलक असतं. आपण त्याला जड पाणी म्हणतो. त्यात साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही, गीझरची कॉइल पांढरी होते. म्हणजे डागांचा हंगाम टँकरचा होता, उन्हाचा नव्हता. घरातल्या बाकी सगळ्यांना तो कळत होता. डार्करूमवालीलाच तेवढा कळायचा राहिला होता.

आधी बघा, डाग पांढरा की काळा

पाण्यावर येण्याआधी एक पायरी आहे आणि ती गाळली म्हणूनच माझी तीन वर्षं गेली. मी सगळ्याला "डाग" म्हणत होते. प्रत्यक्षात त्या एका शब्दाखाली तीन वेगळे आजार नांदत होते.

प्रिंटमध्ये, किंवा स्कॅन पॉझिटिव्ह केल्यावर, डाग पांढरा दिसत असेल तर निगेटिव्हवर काहीतरी जास्तीचं बसलंय. क्षार असतील, धूळ असेल, केस असेल. ते प्रकाश अडवतं, म्हणून कागद तेवढ्या जागी पांढरा राहतो. डाग काळा दिसत असेल तर निगेटिव्हमध्ये काहीतरी कमी आहे. एक तर तिथे चित्र बनवणारी चांदी तयारच झाली नाही, किंवा इमल्शनचा, म्हणजे फिल्मवरच्या चित्र धरणाऱ्या जिलेटिनच्या थराचा, टवका उडालाय. पांढऱ्याचं औषध काळ्याला लागू पडत नाही. माझ्या बाबतीत तर पांढऱ्याच्या औषधानेच काळे डाग जन्माला घातले, पण तो किस्सा नंतर.

एवढं ठरलं की निगेटिव्ह हातात घ्या आणि टेबललॅम्पच्या उजेडात तिरकी धरा, चष्म्याची काच नीट पुसली गेली का ते बघतो तशी. आरपार बघू नका. आरपार बघितलं की नजर चित्रात अडकते. कडेचे आकडे सरळ वाचता येत असतील तर फिल्मची चकचकीत, प्लास्टिकची बाजू तुमच्याकडे आहे. आकडे उलटे दिसत असतील तर समोर इमल्शन आहे. ते जरा मंद दिसतं आणि फिल्म सहसा त्याच बाजूला वळते.

चकचकीत बाजूवर वर्तुळं किंवा ओघळ, त्यांची कड पांढरट, आणि हलकी वाफ सोडली की क्षणभर दिसेनाशी होतात: हे पाण्याचे डाग. उन्हाळ्यात दहापैकी आठ वेळा हेच निघतं. इमल्शनच्या बाजूला टाचणीच्या टोकाएवढे कण, बोटाला खरखरीत लागतील असे, पुसून न निघणारे: ते इमल्शनमध्ये रुतलेत आणि त्यांचं मूळ पाण्यापेक्षा तुमच्या डेव्हलपरच्या बाटलीत आहे. आणि दोन्ही बाजू स्वच्छ असूनही निगेटिव्हमध्ये गोल, रेखीव कडेची पारदर्शक टिकली दिसत असेल तर ती हवेची.

पाण्याचे डाग

निथळणाऱ्या फिल्मवर शेवटी जे थेंब राहतात ते जागच्या जागी वाळतात. पाणी उडून जातं, पाण्यातलं मीठ-माती जात नाही. साधा हिशोब: एका थेंबात साधारण ०.०५ मिली पाणी. पाण्यात लिटरमागे ८०० मिलिग्रॅम विरघळलेले क्षार असतील तर त्या एका थेंबामागे ०.०४ मिलिग्रॅम पांढरी भुकटी उरणार. ऐकायला काहीच नाही. पण ३५ मिमीची फ्रेम २४ बाय ३६ मिमीची. ए४ आकाराचा प्रिंट काढताना ती साधारण आठपट मोठी होते. ३ मिमीचं वर्तुळ मग नाण्याएवढं होऊन आकाशात चंद्रासारखं लटकतं.

मी दोनेकशे रुपयांचा पेनसारखा टीडीएस मीटर मागवला, पाण्यात लिटरमागे किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत ते दाखवणारा. पालिकेच्या पाण्याच्या दिवशी नळाला ११० दाखवायचा, टँकरच्या दिवशी ७६०. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक ५०० पर्यंत ठीक म्हणतं आणि दुसरा पर्यायच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतं. तेव्हा ७६० च्या पाण्याने माणसाचं अडत नाही, फिल्मचं अडतं. मीटरवर आंधळा विश्वासही नको, कारण तो सगळे क्षार एकत्र मोजतो, त्यात जडपणा किती ते सांगत नाही. आपल्या कामाला मात्र एवढं पुरतं.

आता इलाज. तो इतका साधा आहे की लिहायला लाज वाटते. डेव्हलपरनंतरचं पाणी, फिक्सरनंतरची धुलाई, सगळं खुशाल नळाच्या पाण्याने करा. शेवटचं एक बुडवणं तेवढं डिस्टिल्ड वॉटरमध्ये करा. एका रोलला ३०० मिली पुरे. गॅरेजमध्ये किंवा बॅटरीच्या दुकानात इन्व्हर्टरसाठी पाच लिटरचा कॅन मिळतो, तोच चालतो. घेताना झाकणाचं सील शाबूत आहे ना आणि ते साधं बॅटरी-पाणीच आहे ना, हे बघा. त्याच फळीवर ॲसिडचे कॅनही ठेवलेले असतात. कॅन उघडला की मीटर बुडवा. माझ्या कॅनला ३ ते ५ च्या दरम्यान येतं. एकदा एका दुकानातून आणलेल्या कॅनला ९० आलं, ते पाणी झाडांना घातलं.

आरओचं पाणी चालेल का, हे हटकून विचारलं जातं. चालतं, पण मोजून. घरगुती आरओ मशीनमध्ये बऱ्याचदा चवीसाठी थोडं मूळ पाणी परत मिसळायची सोय असते. टँकरच्या दिवसांत आमच्या आरओलाही १४० येतं. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी क्षारांच्या दृष्टीने चांगलं, पण ते कॉइलवरची धूळ आणि बुरशी घेऊन येतं. मी करून पाहिलं. वर्तुळं गेली, ठिपके आले. उकळून गार केलेल्या पाण्याचं म्हणाल, तर उकळल्याने जडपणाचा एक भाग तळाशी बसतो, बाकीचा तसाच राहतो आणि पाणी आटल्यामुळे उलट दाट होतो.

वेटिंग एजंट, म्हणजे कोडॅकचं फोटो-फ्लो किंवा इलफर्डचं इल्फोटॉल, यांचं काम पाण्याला पसरवणं. थेंब धरण्याऐवजी पाणी सलग पडद्यासारखं खाली उतरतं. फोटो-फ्लोचं प्रमाण एकास २००, म्हणजे ३०० मिलीला दीड मिली. औषधाच्या दुकानातून ५ मिलीची सिरिंज आणा आणि मोजून घाला. बाटली तिरकी करून अंदाजाने ओतलं तर हमखास जास्त पडतं, आणि जास्तीचं फोटो-फ्लो स्वतःच तेलकट ओघळ सोडतं. डिस्टिल्ड पाण्यात मी निम्मंच घालते, अजून तरी भागतंय. भांड्याचा साबण मात्र नको. त्यात रंग, वास, हातांच्या कोमलतेसाठी घातलेलं काहीबाही, सगळं फिल्मवर वाळतं.

माझी पद्धत अशी. धुलाई झाली की फिल्म रिळावरून, म्हणजे धुताना ती ज्या खाचांच्या चाकावर गुंडाळलेली असते त्यावरून, पूर्ण काढायची. डिस्टिल्ड पाणी आणि फोटो-फ्लो श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात तयार असतं. फिल्मचं एक टोक या हातात, दुसरं त्या हातात, मध्ये झोळी, आणि ती झोळी डब्यातून सावकाश पुढे-मागे, एक मिनिट. सपासप ओढायची नाही, फेस होतो. मग बाथरूमच्या दोरीला वरचं टोक चिमट्याने लावायचं आणि खालचं टोक दीड फुटावरच्या दुसऱ्या दोरीकडे ओढून तिथे चिमटा, म्हणजे फिल्म तिरकी राहते. तिरक्या फिल्मवरून पाणी एका कडेला जमतं आणि छिद्रांच्या पट्टीवरून खाली जातं. चित्राच्या मधून थेंब ओघळत नाहीत. सरळ टांगलेल्या फिल्मवर छिद्रांत अडकलेला थेंब दहा मिनिटांनी सुटतो आणि तोपर्यंत वाळत आलेल्या फ्रेमवर रेष ओढत जातो. ही तिरकी दोरी मला डिस्टिल्ड पाण्याइतकीच उपयोगी पडली आहे. बोटं, स्पंज, शॅमॉयचं मऊ चामडं, काही लावायचं नाही. पंखा बंद, दार बंद, दोन-तीन तास तिकडे फिरकायचं नाही.

जुन्या निगेटिव्ह वाचतील का? चकचकीत बाजूचे डाग बहुतेक निघतात. तोंडाची वाफ सोडून चष्म्याच्या स्वच्छ फडक्याने हलक्या हाताने पुसा. मी आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलची अख्खी बाटली संपवली आणि डाग हूं की चूं करेनात. साहजिक आहे, अल्कोहोलमध्ये बोटाचं तेल विरघळतं, चुना नाही. चुन्याला आम्ल लागतं. पुसून न निघणाऱ्या पुटासाठी वाणसामानाच्या दुकानातलं पांढरं व्हिनेगर घ्या. त्यात सुमारे ४ टक्के ॲसेटिक ॲसिड असतं, तेवढंच पाणी घातलं की २ टक्के होतं. फिल्म आधी साध्या पाण्यात पाच मिनिटं भिजवा, मग दोन मिनिटं या व्हिनेगरच्या पाण्यात, मग दहा मिनिटं धुवा आणि शेवटी डिस्टिल्ड. पहिला प्रयोग फुकट गेलेल्या पट्टीवर करा. ओली फिल्म नखानेही सोलवटते, तेव्हा हात सांभाळून. इमल्शनच्या बाजूला थेंब वाळला असेल तर गोष्ट अवघड आहे. तिथे जिलेटिन कमी-जास्त वेगाने आकसलेलं असतं आणि ती खूण पुन्हा भिजवून कधी जाते, कधी नाही.

बाटलीतली वाळू

आता नवा डेव्हलपर कालवल्यावर डाग का वाढले ते. मी डी-७६ हा डेव्हलपर सुट्या रसायनांतून बनवते. लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. ते त्या वर्षी मी टँकरच्या पाण्यात कालवलं. सल्फाइट एवढ्या प्रमाणात आणि पाण्यात कॅल्शियम, मग कॅल्शियम सल्फाइटचा बारीक पांढरा साका धरणारच. बाटली ठेवून दिली की तो तळाशी बसतो, दिसत नाही. टँक, म्हणजे फिल्म धुण्याचा बंद डबा, उलटसुलट करताना तो ढवळला जातो आणि ओल्या, फुगलेल्या, मऊ इमल्शनवर जाऊन बसतो. हेच ते रुतलेले कण. तयार पाकिटांत कॅल्शियमला बांधून ठेवणारी द्रव्यं सहसा घातलेली असतात. घरच्या सूत्रात तसं काही नाही, त्यामुळे पाकीटवाल्यांना हा त्रास कमी आणि माझ्यासारख्या काटकसरी लोकांना जास्त.

स्टॉक सोल्यूशन, म्हणजे पातळ न केलेला मूळ डेव्हलपर, डिस्टिल्ड पाण्यातच कालवा. एकदाच खर्च, पुढचे कित्येक रोल निश्चिंत. मेटॉल आधी विरघळवा, सल्फाइटचा डोंगर त्यानंतर. उलटा क्रम केला तर मेटॉल विरघळायला नखरे करतं, आणि तो न विरघळलेला चुराही पुन्हा कणच. वापरण्याआधी फनेलमध्ये कॉफीचा फिल्टर पेपर ठेवून गाळून घ्या. फिक्सरसुद्धा गाळावा, विशेषतः जुना. त्याच्या तळाशी काय काय सापडतं ते एकदा बघाच.

काळ्या टिकल्या

फोटो-फ्लोचा साक्षात्कार झाल्यावर मी ते उत्साहाने थेट टँकमध्येच ओतायला लागले. रीळ आत, फिल्म रिळावर, वरून फोटो-फ्लो, झाकण, हलवा. पांढरी वर्तुळं गेली. पुढच्या दोन-तीन रोलनंतर आकाशात काळ्या टिकल्या यायला लागल्या, गोल, कंपासने काढल्यासारख्या.

झालं होतं असं. प्लास्टिकच्या रिळाच्या खाचांमध्ये फोटो-फ्लो वाळून बसलं होतं. पुढच्या रोलला डेव्हलपर ओतला की ते त्यात उतरायचं आणि फेस व्हायचा. फेसाचे बुडबुडे फिल्मला चिकटून राहिले की त्या जागी डेव्हलपर पोचतच नाही. तिथे निगेटिव्ह पारदर्शक, प्रिंटमध्ये काळी टिकली. हा डाग पुसून, धुऊन, प्रार्थना करून, कशानेही जात नाही. प्रिंटवर टिकली खरवडा नाहीतर स्कॅनमध्ये झाका.

म्हणून रीळ आणि टँक वेटिंग एजंटपासून लांब ठेवायचे. त्यासाठीच तो श्रीखंडाचा डबा. आधीच माखलेली रिळं कोमट पाण्यात जुन्या टूथब्रशने खाचाखाचांतून घासा आणि भरपूर खळबळा. यात एक अनपेक्षित फायदा झाला. पावसाळ्यात फिल्म रिळावर चढताना अर्ध्यातच अडायची, ती घासल्यानंतर पुष्कळ सुरळीत चढायला लागली. वाळलेलं फोटो-फ्लो दमट हवेत चिकट होतं, हे तेव्हा कळलं.

फेस नसला तरी साधी हवा अडकतेच. डेव्हलपर ओतून झाकण लावलं की टँक दोन-तीनदा ओट्यावर ठणकावून आपटा. दर वेळी हलवून झाल्यावरही एकदा आपटा. मी इलफर्डच्या सांगण्याप्रमाणे सुरुवातीला दहा सेकंदांत चार वेळा टँक उलटा करते आणि मग दर मिनिटाला तसंच. डेव्हलपर किती लागतो ते पॅटरसन टँकच्या बुडावर छापलेलं असतं, ३५ मिमीच्या एका रिळाला २९० मिली. त्याहून कमी घातला तर वरची कड कोरडी राहते आणि फिल्मच्या एका बाजूला लांबच लांब फिका पट्टा येतो. लोक त्यालाही डागच म्हणतात. काही जण आधी फिल्म पाण्यात भिजवून घेतात. इलफर्ड तशी शिफारस करत नाही, मीही सोडून दिलं. आपटण्याने भागतं.

उन्हाचा वाटा

उन्हाळा अगदीच निर्दोष आहे असं नाही. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी हाताला चटका देतं. डेव्हलपर बर्फाने २० अंशांवर आणायचा आणि धुलाई ३६ अंशांच्या पाण्याने करायची, हा प्रकार मी केलाय. इमल्शन एकदम फुगतं, मऊ पडतं, दाणा वाढल्यासारखा दिसतो आणि क्षाराचा कण असलाच तर तो अशा लोण्यात खोल रुततो. जास्त बिनसलं तर जिलेटिनला सुरकुत्या पडून भेगाळलेल्या जमिनीसारखी जाळी उमटते.

म्हणून २० चा हट्ट सोडा. सगळं २४ वर करा. एचपी५ ला आयडी-११ (इलफर्डचा डेव्हलपर) एकास एक प्रमाणात २० अंशांवर १३ मिनिटं आहेत, आणि माझं डी-७६ जवळपास तेच सूत्र. दर अंशाला वेळ साधारण दहा टक्के कमी होत जातो, २४ ला ९ मिनिटांच्या आसपास येतो. पाच मिनिटांच्या खाली मात्र जाऊ नका, डेव्हलपर ओतायला आणि काढायला लागणाऱ्या सेकंदांनीच फिल्म असमान होते. गरज पडली तर डेव्हलपर अजून पातळ करा.

२४ अंश मिळवायला माठ आहे. कोरड्या उन्हाळ्यात माठातलं पाणी बाष्पीभवनाने चांगलं गार होतं. रात्री भरून ठेवलेल्या माझ्या माठात पहाटे २३-२४ मिळतं. ते टबात ओतायचं, त्यात डेव्हलपर, फिक्सर आणि धुलाईच्या पाण्याच्या बाटल्या अर्धा तास उभ्या करायच्या, म्हणजे सगळी मंडळी एकाच तापमानाला येतात. धुलाईलाही नळ सोडून ठेवायची गरज नाही. टँक भरा, पाच वेळा उलटा, ओता. पुन्हा भरा, दहा वेळा. पुन्हा, वीस वेळा. इलफर्डची ही रीत टँकरच्या दिवसांत पाणीही वाचवते आणि घरातल्यांचे टोमणेही.

टँकर बंद झाल्यावर

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मीटर १२० वर आला, डाळ तीन शिट्ट्यांत शिजायला लागली. आता कटकट दुसरी. हवेत ओल असल्याने माठ काही गार होत नाही, पण नळाचं पाणीच २५-२६ ला येतं, त्यामुळे चालून जातं. चेंजिंग बॅगमध्ये (उजेड न लागता फिल्म चढवायच्या काळ्या पिशवीत) हात घातले की चार मिनिटांत घाम फुटतो आणि फिल्म रिळावर तिसऱ्या वेढ्याला अडते. तेव्हा जोर लावला की फिल्म मुडपते आणि त्या जागी निगेटिव्हमध्ये चंद्रकोर उमटते. त्याऐवजी फिल्म टँकमध्ये टाका, झाकण लावा, हात बाहेर काढा, पुसा, पंख्याखाली दहा मिनिटं बसा. टँक बंद असताना फिल्मला घाई नसते. मी आता रीळ आदल्या रात्री तांदळाच्या डब्यात ठेवते आणि बॅग सोडून रात्री दहानंतर बिनखिडकीच्या न्हाणीघरात, दाराच्या फटीला टॉवेल लावून फिल्म चढवते.

फिल्म वाळायलाही आता पाच-सहा तास लागतात. परवाच्या रोलवर एकही वर्तुळ नाही, एकही टिकली नाही. नवव्या फ्रेमवर मात्र पावसाळ्यातलं एक चिलट येऊन बसलंय, पंखांसकट, अगदी शार्प. पट्टी पुन्हा पाण्यात भिजवून ओल्या ब्रशच्या टोकाने त्याला उचलावं लागेल. पुढच्या रोलसाठी मी दोरीभोवती जुनी मच्छरदाणी बांधली आहे.